करडीवर चालणारं इंजन

तिसगावच्या आमच्या गिरणीच्या धुराला भज्यांचा वास यायचा, असं मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं म्हातारी बरळतेय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. माझा नातजावई तर तोंडावर म्हणाला, "आजी, डिझेलचा धूर आणि भज्यांचा वास यांत तुमची काहीतरी गफलत होतेय." तो मोटारींच्या कारखान्यात आहे, तेव्हा जगातलं सगळं त्याला ठाऊक. पण वास भज्यांचाच होता. ते इंजन करडीच्या तेलावर चालत होतं आणि ते चालवणारा माणूस माझा बाप होता. गफलत झाली ती दुसरीकडेच. ती कुठं झाली आणि कुणाची, हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी आणखीच घोटाळ्यात पडले.

बाबांना गाव शांतवन मिस्त्री म्हणायचं. नगरला मिशनच्या कामशाळेत ते फिटरकाम शिकले आणि गुलाबचाचांनी तिसगावात पिठाची गिरणी घातली तेव्हा ती चालवायला आले. गुलाबचाचा म्हणजे गावातले जुने किराणा दुकानदार. पांढरी दाढी, कानावर अत्तराचा फाया आणि तोंडात कायम लवंग. गिरणीमागच्या दोन खोल्या त्यांनी आम्हाला राहायला दिल्या होत्या. माझ्या पाठची दोन भावंडं लहानपणीच गेली, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. इंजनाची आणि आमची भिंत एक. ते सुरू झालं की फळीवरच्या पितळ्या थरथरायच्या, हंड्यातल्या पाण्यावर वळ्या उमटायच्या आणि आई चुलीपुढे बसून त्याच ठेक्यावर भाकरी थापायची. पुक् पुक् पुक् असा तो आवाज पार शिवारापर्यंत जायचा आणि तो ऐकूनच बाया दळणाच्या पाट्या डोक्यावर घ्यायच्या. मधेच आवाज थांबला की आईचा हातही थांबायचा. "रुथे, बघून ये गं, का थांबलं," असं ती म्हणायची आणि मी परत येऊन सांगेपर्यंत तिच्या हातावरची भाकरी तशीच अर्धी राहायची. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी हुलग्याचं माडगं, कधी अंबाडीची भाजी, असं आमचं जेवण होतं. तेलाच्या बाबतीत आई भलतीच कडक. बुधलीत ज्वारीच्या ताटाची काडी बुडवायची आणि काडीवरून जेवढं ओघळेल तेवढंच ठेच्यावर सोडायची. मी जास्त मागितलं तर म्हणायची, "तेल काय हिरीतून येतं व्हय?"

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधीच चाचांनी जुनं इंजन विकून नवं आणलं होतं. जुन्याचं डोकं आधी दिव्यानं लालभडक तापवावं लागे, पण एकदा तापलं की त्याला काहीही पाजा, ते पिऊन चालायचं. नवं मात्र नाजूक होतं. हँडल मारलं की लगेच सुरू, तापवायची भानगड नाही, पण त्याच्या पोटात अंगठ्याएवढी एक नोझल होती आणि नोझलमध्ये एक बारीक सुई. त्या सुईशेजारून तेलाचा फवारा उडायचा तेव्हा इंजन चालायचं. सुईला जरा चिकटा धरला की खेळ खलास. बाबा ती नोझल फडक्यात गुंडाळून माझ्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "बघ, एवढं सगळं धूड हिच्या जिवावर पळतंय." त्यांनी सुई उभी धरून सोडली की ती आपल्या वजनानं सावकाश खाली उतरायची. तशी उतरली म्हणजे नोझल ठीक. अडकलीच तर एक रात्र क्रूडमध्ये, म्हणजे इंजनाच्या नेहमीच्या डिझेलमध्ये, बुडवून ठेवायची, सकाळी सुटते. हा इलाज त्यांनी एकदा माझ्या देखत केला होता आणि सकाळी सुई खरोखरच सुटली होती.

लढाईत हे क्रूड ऑईलच मिळेनासं झालं. परवान्यावर येणारं पिंप आधी अर्धं झालं, मग पाव झालं, मग नुसताच कागद यायला लागला. गिरणी आठवड्यातून चार दिवस बंद राहू लागली आणि बाया पुन्हा जात्यावर बसल्या. त्याच सुमारास बाबांच्या कामशाळेतल्या एका सोबत्याचं पत्र आलं. तो फौजेच्या वर्कशॉपमध्ये भरती होऊन बसऱ्याला गेला होता. नगरच्या छावणीत फिटर लोकांची भरती चालू आहे, ये, असं त्यानं लिहिलं होतं. ते पत्र बाबांनी आम्हाला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा वाचलं. त्यात एका रणगाड्याच्या इंजनाचं वर्णन होतं. "बारा नोझल!" बाबा घास हातात धरून म्हणाले, "एका इंजनाला बारा!" आई भाकरी वाढत राहिली. तिचा भाऊ आधीच पलटणीत जाऊन बेपत्ता झालेला होता. जेवणं झाल्यावर ती भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "तुमी जानार हाय का?" आणि बाबा म्हणाले, "इंजन चालू हाय तवर मी कुटं जातूय?" हे वाक्य मी मनात गाठ मारून ठेवलं. माझ्या लेखी हिशेब सोपा होता, इंजन चाललं तर बाबा घरी राहणार आणि थांबलं तर ते बसऱ्याला जाणार. बसरा कुठं आहे हे मला नकाशात सापडलं नव्हतं, पण मामा जिथं गेला तिथंच कुठंतरी असणार, असं मी धरून चालले होते.

करडीच्या तेलाची कल्पना बाबांना आमच्या चुलीपुढं सुचली. हिवाळ्याची सकाळ होती. आई बुधली तिरकी करून बसली होती आणि गारठलेलं तेल काही बाहेर यायला तयार नव्हतं. मग तिनं बुधली चुलीच्या वैलावर ठेवली आणि थोड्या वेळानं ओतली, तर तेल पाण्यासारखं सरसर पळालं. बाबा चहाचा कप हातात धरून बघत राहिले. चहा तसाच टाकून ते गिरणीत गेले ते जेवायलाही आले नाहीत. चार दिवसांत त्यांनी तांब्याची नळी धुराड्याच्या गरम पाइपाला वेटोळे घालून बसवली. तेल त्या नळीतून तापून जाईल, पातळ होईल आणि मग नोझलमधून फवारा उडेल, अशी त्यांची योजना. तेल गाळायला आईच्या लग्नातल्या ओढणीचा मलमलीचा तुकडा गेला. सुरू करताना थोडं क्रूड, इंजन तापलं की चावी फिरवून करडी, आणि बंद करायच्या आधी पुन्हा चावी फिरवून क्रूड, म्हणजे नोझलमध्ये तेल मागे राहून चिकटणार नाही. हे शेवटचं क्रूड किती वेळ चालवायचं? तर प्रभूची प्रार्थना सावकाश दोनदा म्हणून होईपर्यंत. घड्याळ आमच्याकडे नव्हतं. त्यासाठी लागणारं क्रूड बाबा एका बाटलीत जपून ठेवत आणि ती बाटली गिरणीच्या कोनाड्यात असे.

पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा मी तिथंच होते. इंजन अडखळलं, एकदा ठसकलं, धुराड्यातून पांढरा लोट निघाला आणि मग पुक् पुक् पुक् सुरू झालं, जरा जड आवाजात. आणि तो वास सुटला. समोरच्या आळीतल्या दोन बाया दारात आल्या आणि विचारू लागल्या, "मिस्त्रीनबाई, आज काय सन हाय जनू?" गुलाबचाचा दुकान सोडून आले. त्यांनी आधी धुराकडे, मग तेलाच्या डब्याकडे आणि मग बाबांकडे पाहिलं. "मिस्त्री, लई डोकं चालवलंस," ते म्हणाले, "पन हे खायाचं तेल हाय रं. अल्ला काय म्हनंल?" बाबा हसले. पीठ तर पडत होतं, आणि पीठ पाहून सगळ्यांचं तोंड बंद झालं. मी मात्र गोंधळले. ज्या घरात ठेच्याला काडीनं तेल मिळत होतं, त्या घराच्या भिंतीपलीकडे तेच तेल डब्यानं जळत होतं आणि ते जळत राहावं म्हणून मीच देवाला विनवीत होते.

असं ठरलं की दळणाला येणाऱ्यानं पाटीबरोबर एक पळी तेल आणायचं. ते पारखून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. करडी, भुईमूग, तीळ चालेल. जवस चालणार नाही. बाबांनी मला बजावून ठेवलं होतं, "जवस म्हंजी रोगण. मोटेला लाव, दाराला लाव. वाळलं की निस्ती सालपटं धरतं. इंजनात गेलं तर सुईच चिकटवून टाकंल." जवसासाठी एक वेगळा, गंजका डबा होता. मी प्रत्येकीच्या वाटीत बोट बुडवून वास घ्यायची. चौदा वर्षांची पोर, केस तेलकट, बोटं तेलकट, फ्रॉकवर डाग. आणि मोठमोठ्या बाया माझ्यापुढे वाटी धरून उभ्या. मला तो रुबाब आवडायचा, हे कबूल करते. पुढं चाळीस वर्षं शाळेत मास्तरकी केली, पण पोरांच्या वह्या तपासताना तसा रुबाब कधी वाटला नाही.

पण एक दृश्य मी तेव्हा पाहिलं ते आजही नीट गिळता येत नाही. आमच्या गिरणीच्या मागे धुराडं भिंतीतून बाहेर काढलेलं होतं. एका दुपारी मी राख टाकायला मागे गेले, तर तिथं गावातली चार-पाच पोरं ओळीनं उभी. प्रत्येकाच्या हातात कोरडी भाकरी. ती भाकरी ते धुरात धरत होते, उलटीपालटी करत होते आणि मग एक एक घास खात होते. कोंडाबाईचा नातू सगळ्यांत पुढे. मला पाहून तो म्हणाला, "आक्के, भजी लागत्यात." मला हसू आलं. मी बाबांना बोलावून आणलं, गंमत दाखवायला. बाबा कोपऱ्यावर उभे राहिले. ते हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी त्या पोरांकडे पाहिलं आणि "हे काय बरं न्हाई" एवढंच म्हणून आत गेले. त्या दिवशी जेवताना त्यांनी ठेच्यावर तेल घेतलं नाही. मला वाटलं, पोरं काळा धूर खातात म्हणून त्यांना राग आला असावा.

आता आमच्या गिरणीचे वार सांगितले पाहिजेत, कारण घोटाळा तिथंच झाला. शुक्रवारी दुपारी गुलाबचाचा नमाजाला जात, तेव्हा गिरणी दोन तास बंद. शनिवारी आमच्या भागातल्या बाया तेल विकत आणत नाहीत आणि घरातलं तेल मारुतीला सोडून दुसऱ्या कुणाला देत नाहीत, त्यामुळे शनिवारी दळणं येत पण तेल येत नसे. शुक्रवारचं उरलंसुरलं पुरवावं लागे. आणि रविवारी बाबा काही झालं तरी इंजनाला हात लावत नसत. "देवानंबी सातव्या दिवशी हत्यारं खाली ठिवली हुती," म्हणत. चाचा हसून म्हणत, "तीन देवांच्या मधी एक इंजन अडकलंय बिचारं." एकूण शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत इंजन गार पडून राहायचं.

त्या शनिवारी तेल दुपारीच संपत आलं. डब्याच्या बुडाशी जेमतेम चार बोटं उरलं होतं आणि ओळीत चार-पाच पाट्या. बाबा इंजनाशी होते. आई मागच्या अंगणात खाट उन्हात उभी करून काहीतरी घासत होती, कारण रविवारी तिची बहीण येणार होती. तेवढ्यात कोंडाबाई आली. ही आमच्या आळीतली विधवा म्हातारी; लेक मुंबईला गेलेला, सून अंथरुणाला, नातू तोच धुरात भाकरी धरणारा. पाटीत दोन शेर बाजरी आणि पदराखाली वाटी. मी बोट बुडवलं आणि वास ओळखला. जवस.

"आज्जी, हे चालत न्हाई," मी म्हटलं.

"आगं बाई, माज्याकडं हेच हाय. बांधावरचं चार झाडांचं निघालं तेवढं."

"आन् आज शनवार हाय. शनवारी तुमी तेल देत न्हाई ना?"

"पोटाला कुटं वार असतूय?" ती म्हणाली. "सकाळधरनं पोरगं उपाशी हाय. जात्याला खुटा न्हाई, तुटलाय. घे की माय."

मी वाटी घेतली. ती गंजक्या डब्यात ओतायला हवी होती, दळण तसंही करून देता आलं असतं. पण चांगल्या डब्यात चारच बोटं होती, ओळ मोठी होती, आणि तेल मधेच संपलं तर इंजन बंद पडेल, ही भीती मला पहिल्यापासून होती. एक वाटी तर आहे, कुठं कळणार आहे, असं म्हणून मी ती चांगल्या डब्यात ओतली. संध्याकाळी सगळी दळणं संपली. बाबांनी कोनाड्यातली बाटली काढली, चावी फिरवली आणि ओठांतल्या ओठांत दोनदा प्रार्थना म्हटली. मीही दाराशी उभी राहून म्हटली. इंजन शांत झालं. मला हायसं वाटलं.

सोमवारी सकाळी हँडल फिरवून फिरवून बाबांचे हात भरून आले. चाचांनी फिरवलं, दोन गडी बोलावले, त्यांनी फिरवलं. इंजनानं एकदा फुस्स केलं आणि ते गप्प झालं. आई चुलीवरून उठून गिरणीच्या दारात आली. एरवी ती तिकडे फिरकत नसे. तिचे हात पिठानं भरलेले होते. बाबांनी नोझल उघडली, उजेडात धरली, नाकाशी नेली. सुई हलेना. मी खाली पाहत होते. मला खात्री होती की ते वास ओळखणार आणि माझं नाव घेणार. बाबांनी नोझल फडक्यात गुंडाळून खिशात टाकली आणि म्हणाले, "गेली. चूक माझी."

"भिजवून बघ की," चाचा म्हणाले.

"उपेग न्हाई चाचा. सुई घासलीय. आता नवी पायजे, आन् ती इलायतेतून येती. लढाई सरंपत्तुर काय येत न्हाई."

मी आईकडे पाहिलं. आई पांढरी फटक पडली होती. मला वाटलं, बाबा जाणार म्हणून. बाबांनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, हेही मला त्याच क्षणी वाटलं. पुढं येऊन 'मी केलं' असं म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण मी खाली पडलेलं हँडल उचलून भिंतीला टेकवलं.

आठवड्याच्या आत बाबा नगरला गेले, नाव घातलं आणि परत आले ते सामान न्यायला. ज्या सकाळी ते निघाले त्या सकाळी आमच्या घरात चूल पेटली नाही. डोकं दुखतंय म्हणून आई भिंतीकडे तोंड करून निजून राहिली. बाबा तिच्या उशाशी थोडा वेळ बसले. "जातू मी," म्हणाले. ती वळली नाही. शेवटी मीच शिळी भाकरी फडक्यात बांधून दिली, नुसती कोरडी. गुलाबचाचा त्यांना नगरच्या मोटारीपर्यंत पोचवायला गेले आणि परत येऊन आमच्या दारात बराच वेळ बसून राहिले. मी त्यांच्यासाठी पाणी नेलं, ते पिऊन ते दुकानाकडे गेले. आई दुपारी उठली. तिनं घर झाडलं, फळीवरची भांडी घासली आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं की लिंबाच्या लोणच्याची छोटी काचेची बरणी जागेवर नाही. झाकणाचा कोपरा उडालेली, तिच्या आईनं दिलेली बरणी. तिनं मला विचारलं, कोंडाबाईला विचारलं, चाचांच्या घरी विचारलं. सगळ्या घरादाराचं रडं तिनं त्या बरणीवर काढलं. पुढं कितीतरी वर्षं कुठल्याही बोलण्यात ती म्हणायची, "माजी बरनी कुनी नेली देव जाने."

बाबा लढाई संपल्यावर परत आले. धडधाकट आले, जरा काळवंडून, जरा गप्प होऊन. नवी नोझल आली, इंजन क्रूडवर पुन्हा सुरू झालं आणि पुढं वीज येईपर्यंत चाललं. बसऱ्याच्या इंजनांबद्दल कुणी विचारलं तर त्यांचा चेहरा उजळायचा, पण आई समोर असली की ते विषय बदलायचे. त्या सोमवारबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. मला विचारायचं असायचं, पण विचारलं असतं तर जवसाचं सांगावं लागलं असतं. ते आज विचारू उद्या विचारू करता करता बाबा म्हातारे झाले आणि एका पावसाळ्यात गेले.

त्यांच्या मागं दोन महिन्यांनी मी आणि आई त्यांच्या हत्यारांची पेटी उघडायला बसलो. आई तेव्हा सत्तरीच्या पुढं होती. कुलपाला गंज चढला होता, तो घासलेटनं सोडवताना त्या वासानं तिला काय झालं कोण जाणे, ती एकदम म्हणाली, "रुथे, तुला एक सांगू का? तुज्या बापाला मी लढाईवर धाडलं."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"त्या शनवारी मावशी येनार म्हून मी खाट घासत हुते. ढेकनं लई झाल्ती. ती माराया कोनाड्यातलं क्रूड घेतलं म्या, अर्ध्याच्या वर. मंग ह्यांना कळंल म्हून बाटलीत करडीचं तेल घालून भरून ठिवली. तेच ह्यांनी शेवटाला चालवलं. तेल तेलानंच धुतलं. ह्यांना वासानं कळलं असनार, पन माजं नाव घेतलं न्हाई." तिनं कुलपावरचा गंज नखानं खरवडला. "जाताना त्यांच्या तोंडाकडं बघायची माजी हिंमत झाली न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. मग मी माझं सांगितलं. कोंडाबाई, वाटी, चांगला डबा. तीस-पस्तीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींपासून आपापली चोरी लपवून बसलो होतो आणि दोघींनाही वाटत होतं की बाबांनी आपल्यालाच सांभाळून घेतलं. "म्हंजी नक्की कुनामुळं अडकली गं?" आई म्हणाली. मला कसं ठाऊक असणार? माझ्या नातजावयाला मी नंतर हेही विचारून पाहिलं. तो म्हणाला, कशानंही अडकली असती, एवढं नक्की की साफ करता आली असती.

पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही कुलूप काढलं. वर पाने, कानशी, सुताचे गोळे. सगळं उपसल्यावर तळाशी, फौजेच्या जाड लोकरी कापडात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. मी ते सोडलं आणि आई ओरडली, "आगं, ही तर माजी बरनी!"

झाकणाचा कोपरा उडालेली तीच छोटी काचेची बरणी. झाकण मेणानं पक्कं बंद केलेलं. आत गळ्यापर्यंत काळपट क्रूड आणि बुडाशी अंगठ्याएवढी नोझल. मी मेण खरवडलं, नोझल बाहेर काढली, फडक्यानं पुसली. बाबा धरायचे तशी सुई उभी धरून सोडली. ती आपल्या वजनानं सावकाश खाली उतरली. मी पुन्हा धरली, पुन्हा सोडली. पुन्हा उतरली.

बरणी हरवली होती ती इंजन बंद पडलं त्याच आठवड्यात. म्हणजे नोझल त्यांनी भिजत घातली होती. म्हणजे त्यांच्याकडे क्रूड होतं. म्हणजे दुसऱ्या सकाळीच सुई सुटली असणार आणि ती त्यांनी पाहिली असणार. माझ्या डोक्यात ती धुरात भाकरी धरणारी पोरं आली आणि बारा नोझलांचं ते पत्र आलं, दोन्ही एकदमच. खाण्याचं तेल जाळवेना म्हणून त्यांनी इंजन गप्प ठेवलं की बसऱ्याचं इंजन बघायचं होतं म्हणून? मी आजही दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्ही बाजूंनी मला ते माझेच बाबा वाटतात. रागही दोन्ही बाजूंनी येतो.

आई बरणी मांडीवर घेऊन बसली होती. पदरानं तिची काच पुसत होती, क्रूडचा डाग पदरावर पसरत होता, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"म्हंजी हे आपल्या मनानं गेले," ती म्हणाली.

"तसंच दिसतंय."

तिनं झाकण पुन्हा बरणीवर बसवलं. मग म्हणाली, "तसं सांगायचं तरी. मी उठून भाकरी बांधून दिली असती. तेल लावून."